भाड्याचे घर आणि हक्काचा कागद

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपल्याकडे म्हणतात. ही म्हण ज्याने रचली त्याच्यावर शहरात भाड्याची जागा शोधण्याची पाळी बहुधा आली नसावी. घर बांधणाऱ्याची दगदग एकदा होते नि संपते. बिऱ्हाडकरूची दगदग दर अकरा महिन्यांनी नव्याने सुरू होते. मालक काय म्हणेल, भाडे किती वाढवील, अनामत परत देईल की नाही, ही काळजी उशाशी घेऊनच तो झोपतो.

या काळजीने एक वाईट खोड लागते. नळाचे पाणी तुटले, जिन्यातला दिवा गेला, छत गळू लागले, तरी भाडेकरू म्हणतो, "जाऊ द्या हो, घर त्यांचे आहे. बोललो तर उद्या निघा म्हणतील." जणू काही तो उपकारावर राहतो आहे! वास्तविक महिन्याच्या महिन्याला पैसे मोजून राहणारा माणूस पाहुणा नव्हे. जागेची मालकी दुसऱ्याची असली तरी तिचा वापर त्याने मोल देऊन घेतलेला आहे आणि त्या वापराला कायद्याचा आधार आहे. मात्र एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. हा आधार तोंडी बोलण्यावर टिकत नाही, कागदावर टिकतो. कोणता कागद, कोणासाठी आणि कितपत उपयोगाचा, तेवढेच येथे सांगायचे आहे.

आधी थोडा इतिहास सांगितला पाहिजे, कारण आजचा कायदा त्यातूनच निघाला आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात मुंबईत माणसे वाढली, त्या मानाने जागा वाढल्या नाहीत आणि भाडी भडकली. म्हणून १९१८ साली तेथे भाड्यांना आळा घालणारा कायदा करावा लागला. दुसऱ्या महायुद्धात पुन्हा तीच गत झाली. १९४७ साली मुंबई प्रांतासाठी भाडेनियंत्रणाचा मोठा कायदा मंजूर झाला आणि १३ फेब्रुवारी १९४८ पासून तो अमलात आला. १ सप्टेंबर १९४० रोजी जागेचे जे भाडे होते, तेच सामान्यतः तिचे प्रमाण भाडे, असे या कायद्याने ठरवले. गिरणगावातल्या चाळींत, गिरगावातल्या वाड्यांत आणि पुण्याच्या पेठांत असंख्य संसार या एका तरतुदीच्या आधाराने तगले.

पण भाडे थिजले तरी चुना, लाकूड आणि गवंड्याची मजुरी थिजली नाही. वर्षे लोटली तशी डागडुजी मागे पडली, वासे कुजले, आणि भाड्यात जे मिळत नव्हते ते पागडीच्या रूपाने पडद्याआडून घेतले जाऊ लागले. जुन्या इमारती कोसळू लागल्या तेव्हा १९६९ साली त्यांच्या दुरुस्तीसाठी सरकारला उपकर बसवून स्वतंत्र मंडळ नेमावे लागले. शेवटी १९ डिसेंबर १९९७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, भाडी गोठवणारी ही तरतूद आरंभी रास्त असली तरी काळाच्या ओघात ती गैरवाजवी झाली आहे. त्यानंतर राज्याने महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियम, १९९९ हा नवा कायदा केला. तो ३१ मार्च २००० पासून अमलात आहे. पूर्वी जुन्या मुंबई प्रांताच्या भागाला एक, विदर्भाला दुसरा आणि मराठवाड्याला तिसरा असे तीन निरनिराळे कायदे होते. त्यांच्या जागी हा एक आला. तो मुंबईला आणि अनुसूचीत नावे दिलेल्या इतर शहरांना व भागांना लागू आहे. तेव्हा लहान गावी राहत असाल तर आपले गाव त्या यादीत आहे की नाही, हे आधी विचारून घ्यावे.

आता मुद्द्याचे बोलू. या कायद्याच्या नजरेतून भाड्याने राहणारी माणसे दोन प्रकारची आहेत, आणि आपण कोणत्या प्रकारात बसतो हे पुष्कळांना ठाऊकच नसते. एक खरा भाडेकरू. दुसरा परवानाधारक, म्हणजे ज्याच्या करारावर 'लिव्ह अँड लायसन्स' असे शब्द असतात तो. व्यवहारात दोघांनाही आपण भाडेकरूच म्हणतो. पण भाडेकरूला जागेत एक हक्क निर्माण होतो. परवानाधारकाला ठराविक मुदतीपुरती राहण्याची केवळ परवानगी मिळते. ही वाट मुळात भाडेनियंत्रण टाळण्यासाठीच पुष्कळांनी धरली होती. म्हणून १९७३ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी चालू करारान्वये राहत असलेल्या परवानाधारकांना भाडेकरू मानले गेले. त्यानंतर आलेल्यांना मात्र ती सवलत नाही. आज शहरात नव्याने जागा घेणारी बहुतेक कुटुंबे, नोकरीसाठी आलेली मुलेमुली आणि विद्यार्थी हे सारे परवानाधारक असतात. तेव्हा सही करण्याआधी कागदावर कोणता शब्द आहे तो वाचा. त्या एका शब्दावर पुढचे सगळे अवलंबून आहे.

प्रथम खऱ्या भाडेकरूचे हक्क पाहू. भाडे मालकाच्या लहरीने वाढवता येत नाही. कायद्याने वर्षाला शेकडा ४ इतकी वाढ मान्य केली आहे. म्हणजे ५०० रुपये भाडे असेल तर पुढल्या वर्षी २० रुपये वाढतील. नगरपालिकेच्या करांत वाढ झाली किंवा जागेत काही सुधारणा केली, तर त्यापायी होणारी वाढ कायद्याने सांगितलेल्या मर्यादेत वेगळी घेता येते. भाडे दिले की त्याच वेळी लेखी पावती देणे मालकावर बंधनकारक आहे. न दिल्यास त्याला दंड होऊ शकतो. पावती मागणे म्हणजे अविश्वास दाखवणे, असे मुळीच समजू नका. वाणी उधारीच्या वहीत मांडून ठेवतो तेव्हा आपण रागावतो का?

दुसरा हक्क घर राहण्याजोगे ठेवून घेण्याचा. दुरुस्ती ही मालकाची जबाबदारी आहे. ती त्याने टाळली तर निदान १५ दिवसांची लेखी नोटीस देऊन भाडेकरूला, किंवा सगळ्या बिऱ्हाडांना मिळून, दुरुस्ती करून घेता येते आणि तो खर्च भाड्यातून वळता करता येतो. मात्र एका वर्षात त्या वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शापेक्षा जास्त रक्कम कापता येत नाही. आता हिशेब करा. महिना २०० रुपये भाडे असेल तर वर्षाचे २४०० आणि चौथा हिस्सा ६०० रुपये. एवढ्यात आजच्या दिवसांत एक खिडकीसुद्धा धड बसणार नाही. म्हणून जुन्या चाळींत एकट्याने न भांडता सगळ्या बिऱ्हाडांनी एकत्र नोटीस देणे शहाणपणाचे. मुंबई शहरातल्या उपकरप्राप्त इमारतींसाठी म्हाडाचे दुरुस्ती मंडळ आहे. तेथेही अर्ज करावा, आणि त्याची पोच घ्यावी.

तिसरा हक्क सगळ्यात निकडीचा. पाणी, वीज, जिन्यातला व बोळातला दिवा, पाळणा, साफसफाई, या गोष्टींना कायदा आवश्यक सेवा म्हणतो. योग्य कारणावाचून मालकाने त्या तोडता कामा नये, स्वतःही नाही आणि दुसऱ्याच्या हातूनही नाही. कुणाला घालवायचे असले की आधी नळ बंद करायचा, ही जुनी युक्ती. कायद्याने तिला गुन्हा ठरवले असून ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. शिवाय न्यायालयात अर्ज करून ती सेवा पुन्हा सुरू करून घेता येते.

चौथी गोष्ट घर खाली करण्याची. जो भाडेकरू भाडे देतो, किंवा देण्यास तयार आहे, आणि कराराच्या अटी पाळतो, त्याला मनात आले म्हणून काढता येत नाही. त्यासाठी न्यायालयात दावा लावावा लागतो आणि कायद्याने सांगितलेले कारण सिद्ध करावे लागते. जागेची नासधूस केली, परवानगीवाचून पोटभाडेकरू ठेवला, शेजाऱ्यापाजाऱ्यांना उपद्रव दिला, सबळ कारण नसता जागा सलग ६ महिने बंद ठेवली, अशी ती कारणे आहेत. मालकाला स्वतःसाठी जागेची खरोखर गरज असणे हेही एक कारण आहे. पण तेथेही न्यायाधीश तराजू लावतो. जागा गेल्याने भाडेकरूचे होणारे हाल जास्त की न मिळाल्याने मालकाचे, हे पाहूनच हुकूम होतो. भाडे थकले असेल तर आधी लेखी मागणी करून ९० दिवस थांबावे लागते. दावा लागला तरी समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांच्या आत थकबाकी, शेकडा १५ व्याज आणि दाव्याचा खर्च न्यायालयात भरला तर केवळ थकबाकीच्या कारणावरून घर जात नाही. दावा चालू असेपर्यंत पुढचे भाडे मात्र नियमित भरत राहिले पाहिजे.

येथेच कागदाचे मोल कळते. पुष्कळदा असे होते की मालक भाडे घेईनासा होतो आणि वर्षभराने "याने भाडेच दिले नाही" म्हणून दावा ठोकतो. पूर्वी जाणते लोक अशा वेळी मनीऑर्डर पाठवीत, आणि ती नाकारली गेली की परत आलेली पावती जपून ठेवीत. आज चेक आहे, बँकेतून पैसे परस्पर पाठवता येतात. साधन कोणतेही वापरा, पण "मी देत होतो, त्यांनी घेतले नाही" हे दाखवणारी निशाणी हाती ठेवा. तसेच भाडेकरू वारला तर त्याच्या मृत्यूच्या वेळी त्याच्यासह राहणाऱ्या कुटुंबीयाला भाडेकरूचा हक्क मिळतो. समजा, चाळीतली एक विधवा सासऱ्यांच्या नावच्या खोलीत वीस वर्षे राहते आहे. तिच्या बाजूने बोलणार कोण? शिधापत्रिका, मतदारयादी, मुलांच्या शाळेचे दाखले! तेव्हा त्यांवरचा पत्ता बरोबर आहे ना, हे माणूस हयात असतानाच पाहावे.

आता परवानाधारकाकडे वळू. याचे संरक्षण थोडे आहे, म्हणून त्याने कागदाच्या बाबतीत दुप्पट जागरूक राहिले पाहिजे. आपल्याकडे समजूत अशी की अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही. केंद्राच्या नोंदणी कायद्यात वर्षाच्या आतल्या भाडेपट्ट्याला सामान्यतः नोंदणीची सक्ती नाही, म्हणून अकरा महिन्यांची ही टूम निघाली. परंतु महाराष्ट्राच्या १९९९ च्या कायद्याचे ५५ वे कलम स्पष्ट सांगते की, भाडेपट्टा असो की परवाना, करार लेखीच हवा आणि तो नोंदवलाच पाहिजे. ही जबाबदारी मालकाची आहे. त्याने ती टाळली तर कैदेची किंवा दंडाची शिक्षा आहे. आणखी महत्त्वाचे म्हणजे, लेखी नोंदवलेला करार नसेल तर कोणत्या अटींवर जागा दिली याविषयी राहणाऱ्याचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. पोलीस चौकीवर राहणाऱ्याची माहिती देणे निराळे आणि करार नोंदवणे निराळे. एक केले म्हणजे दुसरे झाले असे होत नाही. हल्ली ही नोंदणी घरबसल्या संगणकावरूनही होते, तेव्हा वेळ नाही ही सबब चालण्यासारखी नाही.

करारात काय असावे? भाडे किती, अनामत किती, ती कोणत्या दिवशी परत मिळणार, त्यातून कोणत्या गोष्टीसाठी पैसे कापता येतील, मुदतीपूर्वी जागा सोडायची तर किती दिवसांची सूचना, हे सारे स्पष्ट लिहून घ्यावे. भिंतीचा रंग, पंखे, नळ, फरशी यांची आहे तशी यादी करून दोघांनी सह्या कराव्यात. छायाचित्रे काढून ठेवली तर उत्तमच. जागा सोडताना जी भांडणे होतात त्यांतली अर्धीअधिक या एका यादीने मिटतात.

मुदत संपली की परवानाधारकाने निघाले पाहिजे, हे मात्र खरे. तो अडून बसला तर मालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून जागा परत मिळवता येते आणि मुदतीनंतरच्या काळाची भरपाई दुप्पट दराने द्यावी लागते. पण लक्षात घ्या, कायद्याने मालकाला दाखवलेली वाट अर्जाची आहे. कुलूप तोडून सामान रस्त्यावर फेकण्याची नाही.

इथवर जे सांगितले ते घर मिळालेल्यांबद्दल. ज्यांना दारातूनच परत पाठवले जाते त्यांचे काय? नाव विचारले जाते, आडनाव विचारले जाते, मग काय खाता ते विचारले जाते आणि शेवटी "आमचा भाचा राहायला यायचा आहे" असे उत्तर मिळते. १९१७ साली परदेशी शिक्षण घेऊन बडोदे संस्थानच्या नोकरीत गेलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना त्या शहरात कोणी जागा देईना. नाव लपवून ते एका पारशी पथिकाश्रमात उतरले, तर थोड्याच दिवसांत लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना तेथून बाहेर काढले. एवढी विद्वत्ता, एवढा मान, पण रात्री पाठ टेकायला हक्काची जागा नाही!

या प्रसंगाला शंभरावर वर्षे उलटून गेली. या अन्यायावर एक जुना कायदा आहे, पण तो फार थोड्यांना माहीत असतो. १९५५ साली संसदेने केलेला अस्पृश्यतेविषयीचा कायदा १९७६ पासून नागरी हक्क संरक्षण कायदा या नावाने ओळखला जातो. कोणत्याही वस्तीत राहते घर घेण्यास किंवा त्यात राहण्यास अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणी आडकाठी केली तर तो या कायद्याने गुन्हा आहे, आणि त्याला १ ते ६ महिने कैद व दंड अशी शिक्षा आहे. अडचण पुराव्याची. खरे कारण कोणी तोंडाने बोलत नाही. म्हणून येथेही कागदच कामी येतो. जागा रिकामी असल्याची जाहिरात, दलालाचा निरोप, नकाराची तारीख, बरोबर असलेल्या माणसाचे नाव, हे टिपून ठेवावे.

परंतु धर्म, खाणेपिणे, एकटी बाई असणे, या कारणांनी खासगी मालकाने घर नाकारले तर सरळ दाद मागावी असा सर्वसाधारण कायदा आपल्याकडे नाही. २००५ साली एका सहकारी गृहसंस्थेच्या खटल्यात, संस्थेने आपले सभासदत्व एका समाजापुरते राखण्यास सर्वोच्च न्यायालयाने हरकत घेतली नाही. अमेरिकेत काळ्या लोकांना गोऱ्यांच्या वस्तीत घरे मिळत नसत. तेथे १९६८ साली कायदा होऊन वंश, वर्ण, धर्म यांवरून घर विकण्यास किंवा भाड्याने देण्यास नकार देणे बेकायदा ठरले. त्याने सगळी मने बदलली असे नव्हे, पण नाकारलेल्या माणसाला न्यायालयाचे दार उघडे झाले. आपल्याकडेही तसे दार हवे.

आणि हवे ते एवढेच नाही. केंद्र सरकारने २०२१ साली घरभाड्याचा एक नमुना कायदा तयार केला. राहत्या घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्याहून जास्त अनामत घेऊ नये, असे त्यात म्हटले आहे. पण नमुना तो नमुना. राज्याने आपला कायदा केल्याखेरीज तो कुणाला बांधत नाही. अनामतीला मर्यादा, ती परत देण्याला मुदत, आणि पाणी-विजेचे जे संरक्षण भाडेकरूला आहे तेच परवानाधारकाला, या तीन गोष्टी आपण आमदारांकडे आणि सभांतून मागितल्या पाहिजेत. मागितल्यावाचून १९१८ सालीही काही मिळाले नव्हते.

कोणी म्हणेल, सगळा भार मालकावरच का? सगळे मालक धनवान असतात असे नाही, हे कबूल. निवृत्तीनंतर एका खोलीच्या भाड्यावर घर चालवणारी म्हातारी माणसे पुष्कळ आहेत. भाडे वेळेवर द्यावे, न विचारता भिंती पाडू नयेत, कबूल केलेल्या दिवशी जागा मोकळी करावी, हे भाडेकरूचे कर्तव्यच आहे. गोठवलेल्या भाड्यांनी घरे कशी ढासळली हे आपण पाहिलेच. नोंदवलेला करार अशा मालकाचेही तितकेच रक्षण करतो.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. ती चढावी लागू नये म्हणूनच कागद जपायचा असतो. तरीही चढावी लागली तर मुंबईत लघुवाद न्यायालय आहे, इतरत्र त्या त्या ठिकाणचे दिवाणी न्यायालय आहे. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींची माणसे, अपंग, औद्योगिक कामगार आणि कमी उत्पन्नाचे लोक यांना तेथे वकील फुकट मिळतो.

आज एवढे करा. घरातला एक डबा किंवा फाइल रिकामी करून तीत करार, भाड्याच्या पावत्या, विजेची बिले, मालकाशी झालेला पत्रव्यवहार आणि सामानाची यादी तारीखवार लावून ठेवा. ती कुठे आहे हे घरातल्या दुसऱ्या एका माणसाला तरी दाखवून ठेवा. करार नोंदवलेला नसेल तर मालकाला सांगा, आणि तेही लेखी सांगा.